दादांच्या स्टेपनीवरचा झेंडा

बडोद्याच्या एका वाचक ताईंचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

ताई साठीच्या उंबरठ्यावर आहेत. दांडिया बाजारात त्यांचं चार पिढ्यांचं घर. थोरले बंधू, म्हणजे दादा, निवृत्त आहेत आणि इतिहासाचे नादी आहेत. पानिपतावर बोलायला लागले की जेवण गार होतं. दादांच्या जीपला मागे स्टेपनीवर लाल रेक्झिनचं कव्हर आहे. त्यावर निळी फुली आणि फुलीत पांढऱ्या चांदण्या. दोन वर्षांत त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. गेल्या नवरात्रात ताईंची लेक अमेरिकेहून आली. तिच्याबरोबर ऑफिसातली मैत्रीण होती, दक्षिण कॅरोलायनाची, कृष्णवर्णीय. गरब्याला जायला दादांनी हौसेने जीप काढली. मैत्रीण मागून चढायला गेली, कव्हरपाशी थबकली, आणि डोकं दुखतंय म्हणून घरीच थांबली. रात्री लेकीने मामांना झेंड्याचा अर्थ सांगितला. मामा म्हणाले, "मला माहीत नव्हतं." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "एवढं काय त्यात, डिझाइन आहे." लेकीने एक लेख पाठवला तेव्हा, "मला वाचायचाच नाही. त्यांचं भांडण त्यांच्याकडे." मग कुटुंबाच्या ग्रुपवर जीपचा फोटो आला, खाली ओळ: "आमची गाडी, आमची मर्जी."

आता दादांच्या मुलाचं लग्न आलंय. जीप सजून वरातीत पुढे असणार. लेक म्हणते, ते कव्हर असेल तर मी येणार नाही. दादा म्हणतात, आज हे काढलं तर उद्या दारावरचं स्वस्तिकही काढायला लावाल. ताई विचारतात: दादांच्या मनात खरंच काही वाईट नाही. पण झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं कसं करायचं? की लेकीचीच समजूत घालू?

*

ताई,

दादांची तीन वाक्यं तुम्ही जशीच्या तशी लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. तुम्ही मात्र तिन्हींना सरसकट 'दादांचं अज्ञान' म्हणता, आणि तिथेच मी अडले.

पहिलं वाक्य अज्ञानाचं आहे आणि शंभर टक्के खरं असणार. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात कव्हरांची चळत असते: वाघाचा जबडा, कवटी, गरुड. त्यातच हाही असतो. 1979 ते 1985 या वर्षांत अमेरिकेत गाजलेल्या एका मालिकेतल्या नारिंगी गाडीच्या टपावर हाच झेंडा रंगवलेला होता. गाडी, वेग आणि 'आपण कुणाच्या बापाचं ऐकत नाही' हा तोरा त्याला तिथूनही चिकटला. दादांना चांदण्या आवडल्या, त्यांनी घेतलं. यात त्यांचा काडीचा दोष नाही.

तिसरं वाक्य हा निर्णय आहे. विजेच्या बिलाचं पाकीट न उघडताच फडताळावर ठेवून देणाऱ्याला आतला आकडा मोठा असणार याची कुणकुण असतेच. दादांनाही ती आहे, नाहीतर फोटो ग्रुपवर कशाला आला असता? ज्याला खरोखर काही कळलेलं नसतं तो असा ठणकावत नाही. तो विचारतो, "अगं, काय झालं त्या मुलीला?"

न वाचलेल्या लेखात काय असेल ते थोडक्यात सांगते, म्हणजे निदान तुमची तयारी होईल. डिसेंबर 1860 मध्ये अमेरिकेच्या संघराज्यातून सगळ्यात आधी फुटून निघालं ते दक्षिण कॅरोलायना, तुमच्या पाहुणीचंच राज्य. तिथे तेव्हा निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. आपण का फुटतोय हे त्या राज्याने जाहीरनाम्यात लिहून ठेवलंय, आणि त्यातलं भांडण गुलामगिरीवरूनच आहे. पुढच्या मार्चमध्ये, फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना शहरात भाषण केलं. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे आणि आमच्या राज्याची कोनशिला याच सत्यावर बसवली आहे, असं ते उघड बोलले. दादांच्या स्टेपनीवरची निळी फुली ही त्या सरकारच्या सैन्याची, रणांगणावर न्यायची निशाणी. तिला तिकडे कॉन्फेडरेट झेंडा म्हणतात.

उत्तरेकडच्या राज्यांशी झालेल्या यादवी युद्धात 1865 मध्ये ते हरले. झेंडा संग्रहालयात जाऊन पडला असता तर कदाचित तुमची पाहुणी त्या रात्री गरबा खेळली असती. पण 1948 मध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचे कायदे टिकावेत म्हणून निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका पक्षाच्या सभांमध्ये तो पुन्हा फडकू लागला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, आणि दोनच वर्षांत जॉर्जियाने आपल्या राज्यध्वजात ही फुली घातली. दक्षिण कॅरोलायनाने 1961 मध्ये युद्धाच्या शताब्दीचं निमित्त साधून तो विधानभवनावर चढवला. 17 जून 2015 च्या रात्री त्याच राज्यातल्या चार्ल्स्टन शहरात, काळ्या लोकांच्या जुन्या चर्चमध्ये, बायबल वाचायला जमलेल्या नऊ जणांना एका 21 वर्षांच्या गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. त्याचे या झेंड्यासह काढलेले फोटो मग बाहेर आले. त्या आठवड्यात राज्याच्या विधानभवनापाशी अमेरिकेचा राष्ट्रध्वज शोक म्हणून अर्ध्यावर होता आणि हा झेंडा आवारात पूर्ण वर. 10 जुलैला तो अखेर उतरवला.

तुमची पाहुणी तेव्हा शाळेत असेल. आणि आता दांडिया बाजारात, चणिया-चोळी सावरत, जीपमध्ये चढायला हात कुठे धरावा हे बघताना तिला तो हातभर अंतरावर दिसला. डोकं खरंच दुखलं असेल, ताई.

हा आमच्या मेलेल्या पूर्वजांचा मान आहे, असं म्हणणारेही तिकडे आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला मी खोटारडा म्हणणार नाही. पण असे पूर्वज घरोघरी सापडतील त्या मिसिसिपीनेही 1894 पासून राज्यध्वजात असलेली ही फुली 2020 मध्ये काढून टाकली. दादांचे कुणी पणजोबा तर तिकडे लढायला गेले नव्हते.

'त्यांचं भांडण त्यांच्याकडे' हे वाक्य इतिहासाच्या नादी माणसाने म्हणावं याची मला गंमत वाटली. त्या युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि आपल्या भरूचच्या, वऱ्हाड-खानदेशच्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. त्या पैशावर मुंबईत शेअरांचा असा सट्टा चढला की 1865 मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच पेढ्या कोसळल्या. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण करून. पुण्यात बसलेल्या माणसाला ते भांडण आपलं वाटलं, आणि त्यांच्या हातात मोबाइल नव्हता.

आता 'दादांच्या मनात वाईट नाही' याबद्दल. पत्रात हे तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिलंय. मला ते मान्यही आहे. पण तुम्ही रोज सकाळी ज्या कमाटीबागेत फिरायला जाता असं लिहिलंय, तिथलं आंबेडकरांचं स्मारक, संकल्पभूमी, तुम्ही पाहिलं असेलच. 1917 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा गावात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. पत्ता लागल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना तिथून जावं लागलं. मग त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवलाय. हिंदू मित्र ऐकून फार हळहळला, चिडलाही, आणि म्हणाला की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत आंबेडकर याच कमाटीबागेत बसून राहिले.

त्या दोन मित्रांच्या मनात तरी कुठे वाईट होतं? म्हणून मी दादांच्या मनाची झडती घ्यायला जाणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. "दादा, तू वंशवादी आहेस का?" असं कुणी विचारलं की दादा आपल्या चांगुलपणाचे दाखले काढतील, अगदी कामवाल्या बाईंच्या मुलाची फी कुणी भरली इथपासून. ते दाखले खरेही असतील. रात्र त्यात जाईल आणि कव्हर आहे तिथेच राहील. (मनाचीच झडती घ्यायची असेल तर जाता जाता मुलाच्या लग्नासाठी छापलेला बायोडेटाही बघा. 'अपेक्षा' या रकान्यात 'गोरी' आहे का? असेल तर तो हिशेब दादांचा एकट्याचा नाही.)

स्वस्तिकाचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. लेकीने 'काहीतरीच काय, मामा' म्हणून तो झटकला असेल तर दादांना वाटणारच की उत्तर नाही म्हणून टाळलं. उत्तर आहे. नाझी पक्षाने आपलं चिन्ह 1920 मध्ये घेतलं. आपल्या उंबऱ्यावर, कलशावर, चोपडीपूजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि हिटलर गेल्यावरही आपल्या कारणांसाठी राहिलं. उद्या एखादा ज्यू पाहुणा तुमच्या दारात थबकला तर दादा त्याला बसवून घेऊन सांगू शकतील, आई दिवाळीत कुंकवाने ते कसं काढायची ते दाखवू शकतील. जीपवरच्या झेंड्याबद्दल त्यांच्याकडे सांगायला काय आहे? दुकानात टांगलेलं होतं. बास.

पण हा नियम दोन्हीकडून लागतो, हेही लेकीला सांगा. उद्या तिने अमेरिकेत दाराबाहेर रांगोळीत स्वस्तिक काढलं आणि शेजारच्या ज्यू आजी घाबरल्या, तर लेकीने त्यांची बेल वाजवून बोलायला हवं. 'तुमचा इतिहास मला माहीत नाही आणि करून घ्यायचाही नाही' हे तिच्या तोंडीही शोभणार नाही.

खरं सांगू का, चिन्हाला किती वजन असतं हे दादांना कुणी शिकवायची गरज नाही. ऐतिहासिक मालिकेत पगडी चुकली तरी ते चॅनेलला पत्र लिहितात, हे तुम्हीच कळवलंय. तोच माणूस लाल रेक्झिनपाशी आला की वेड पांघरून पेडगावला जातो. तुमच्या हातातली किल्ली इथेच आहे. त्यांना अमेरिकेचा इतिहास ऐकवू नका. तो त्यांना लेकीकडूनच ऐकायचा नव्हता, तर तुमच्याकडून कसा ऐकतील? त्यांना त्यांचंच विचारा. आपल्याकडच्या एखाद्या निशाणीचा अपमान परदेशात कुणी अजाणता केला, आपण जाऊन सांगितलं, आणि तो म्हणाला 'मला ऐकायचं नाही', तर दादा ग्रुपवर काय लिहितील?

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही असं तुम्ही म्हणता. धरून हलवलं तर नाहीच उठत, आणि सगळं घर बघत उभं असेल तर मुळीच नाही. पण सोंग घेणाऱ्याला ऐकू सगळं येत असतं. तेव्हा ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका. वहिनींच्या मार्फत निरोप नको, त्या लग्नाच्या धावपळीत आहेत आणि दोन्हीकडून बोलणी त्याच खातील. नवरीकडची मंडळी बसलेली असताना तर विषयही काढू नका. दादांना एकट्यांना गाठा. खंडेराव मार्केटला हारांची ऑर्डर द्यायला जायचं असेल तर दोघांनीच जा. आणि कमीत कमी बोला: "दादा, तुला माहीत नव्हतं हे मला मान्य आहे. आता माहीत झालंय. आता तू काय करणार, तेवढं सांग." मग गप्प बसा. ते दहा गोष्टी काढतील, भाचीचा स्वभाव, अमेरिकेचं राजकारण, हल्लीची पिढी. एकीलाही उत्तर देऊ नका. पुन्हा तेवढंच विचारा.

परतीची वाटही ठेवा. दादा त्या पिढीचे आहेत जिला चूक सुधारता येते पण कबूल करता येत नाही. त्यांच्याकडून कबुली मागू नका. लग्नाच्या निमित्ताने आत्याकडून भाच्याला म्हणून नवं कव्हर करून द्या, साधं काळं किंवा नवरा-नवरीच्या नावांची आद्याक्षरं घातलेलं. जुनं निघालं की ग्रुपवर त्याचा जयघोष होऊ देऊ नका. 'अखेर मामा सुधारले' असा एक स्माइली पडला तर दादा संध्याकाळच्या आत जुनं कव्हर परत चढवतील.

आणि नाहीच ऐकलं तर? लग्नाला जा. अक्षता टाका, भाच्याला जवळ घ्या. पण त्या जीपमध्ये बसू नका, आणि वरातीत तिच्यापुढे नाचू नका. हे आधी दादांना एकदा सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी तमाशा होणार नाही. घरच्या लग्नावर बहिष्कार टाकायला मी सांगणार नाही. भाच्याने काय केलंय? हे अर्धवट वाटेल कुणाला. असू दे.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते: 'की लेकीचीच समजूत घालू?' हा पर्याय तुम्हाला का सुचला याचा जरा विचार करा. घरात दोघांचं वाजलं की ज्याचा आवाज लहान त्याने पडतं घ्यायचं, ही आपली जुनी रीत. इथे दादा मोठे, पुरुष, वरपक्षाचे कर्ते. म्हणून वाकायची पाळी भाचीवर. तुम्हाला ते सोपं वाटतंय कारण ती ऐकेल. ती ऐकेलही. आणि पुढच्या वेळी घरी काही सांगणार नाही.

लेकीच्या अटीबद्दल मात्र माझ्याही मनात शंका आहे. मैत्रिणीने काय मागितलं होतं? पत्रावरून तरी काहीच नाही. तिने घरचा पाहुणचार मोडला नाही, निमित्त सांगून बाजूला झाली. आता तिच्या नावावर बडोद्यात एक घर दोन गटांत उभं आहे. तिला हे हवंय का? तुम्ही तिला इंग्रजीत लांबलचक माफीपत्र लिहिताय असंही कळवलंत. लिहू नका. त्यात दादा मनाने कसे चांगले आहेत हे येणार, आणि मग 'ठीक आहे, काही हरकत नाही' असं म्हणण्याचं काम तिच्यावर येणार. दोन ओळी पुरेत: तो झेंडा आमच्या दारात असायला नको होता, तुझी संध्याकाळ गेली याचं वाईट वाटतं, आणि हे आम्ही आमच्या घरात बघतोय. उत्तराची वाट पाहू नका.

अशा अर्थाची पत्रं इतर वाचकांकडूनही येतात. कुणाच्या शाळेत 'आफ्रिकन नृत्य' म्हणून मुलांच्या तोंडाला काळं फासतात, कुणाच्या सोसायटीत आफ्रिकी विद्यार्थ्यांना खोली द्यायची की नाही यावरच्या बैठकीत नको ते विनोद होतात. त्यांनाही मी हेच कळवते. आधी माहीत नव्हतं याची लाज वाटून घेऊ नका, पण कुणी सांगितल्यानंतरचं वागणं आपल्या खात्यावर पडतं. शाळेचं तर फार सोपं आहे. नाच ठेवा, रंग काढा, आणि गुजरातेतच गीरजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मूळचे आफ्रिकी वंशाचे सिद्दी आपला 'धमाल' नाच कसा नाचतात ते मुलांना दाखवा.

ताई, दादांशी बोलायला अजून वेळ आहे, हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत मात्र ढकलू नका. लेकीला आजच फोन लावा. ती चिडलेली असेल तरी तिला एवढं विचारा, की तिच्या मैत्रिणीला हे सगळं चाललंय ते ठाऊक आहे का.